कापूसचा रविवारचा फोटो

९ मार्च, रविवार. सकाळी ९.२०

कापूसच्या मागच्या डाव्या पायावर रुपयाएवढी जागा उघडी पडली आहे. शैला म्हणाली, केस चाललेत त्याचे, दवाखान्यात दाखवून आणा. म्हटलं, ऊन तापायला लागलं की केस गळणारच. माझे नाही का गळले? त्यावर ती म्हणाली, तुमचे परत कुठे आले.

बत्तीस वर्षं दिवाणी वकिली केली, पण घरात उलटतपासणी कधी जमली नाही.

जुईलीला फोटो पाठवला. उजव्या बाजूने. जानेवारीत ती पुण्याला नोकरीवर रुजू झाली, तिथे खोलीवर कुत्रा चालत नाही. जाताना म्हणाली, बाबा, एवढं तरी नीट सांभाळा, आणि दर रविवारी नऊ वाजता मला त्याचा एक फोटो पाठवा. ‘एवढं तरी’ कशाला? तिच्या इंजिनिअरिंगच्या फॉर्मची तारीख माझ्या ड्रॉवरमध्ये उलटून गेली, त्याला सहा वर्षं झाली. त्याच पावसाळ्यात तिची समजूत काढायला हा पांढरा स्पिट्झ आणला होता. हिशेब तेव्हाच मिटला, असं माझं मत. पोरी धरून बसतात.

फक्त नोंदीसाठी: फेब्रुवारीत आम्ही अकोल्याला लग्नाला गेलो, तेव्हा कापूसला तीन दिवस एका माणसाकडे ठेवलं होतं. एका खोलीत दहा-बारा कुत्री. सगळी खाजवत होती. त्याचा इथे काही संबंध नाही. जुईलीला सांगितलेलं नाही, कारण तिने विचारलेलं नाही.

१६ मार्च, रविवार

आता उजव्या बाजूलाही. पोटाखाली लाल. फोटोसाठी बाजू उरली नाही. मोबाईलमध्ये जुना एक फोटो सापडला, फार सुंदर आहे. तोच पाठवला. हे खोटं नव्हे. कुत्रा तोच, घर तेच, आणि फोटोवर तारीख कुठे असते?

गुरुवारी दवाखाना. नक्की.

२० मार्च, गुरुवार

कोर्टात काम निघालं. दवाखान्याची पुढली तारीख २७ मार्च.

२७ मार्च, गुरुवार

गेलो नाही, पण गरजच उरली नाही. आमच्या मेडिकलवाल्याने मलम दिलं. मागे मला गजकर्ण झालं होतं, तेव्हा हेच दिलं होतं. तीन औषधं एका ट्यूबमध्ये. तो म्हणाला, माणसाचं आहे साहेब, जनावराचं मला माहीत नाही. म्हटलं, कातडी ती कातडी.

शैला म्हणाली, एकदा डॉक्टरला विचारा. म्हटलं, डॉक्टर काय वेगळं देणार आहे?

३० मार्च, गुढीपाडवा

खाज बंद! कापूस तीन दिवस शांत झोपला. गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं, शैलाला विचारलं, आता बोला. ती काही बोलली नाही. यालाच विजय म्हणतात.

जुईलीला फोटो पाठवला (जुना, नवे केस यायला वेळ लागणार). तिचं उत्तर आलं: अगदी दिवाळीतल्यासारखा दिसतो, बाबा. पोरगी खूश आहे. मनावरचं ओझं उतरलं.

६ एप्रिल, रविवार

ट्यूब संपली. खाज दुपटीने परत आली. कोपरं, कान, पोट, सगळं उघडं. कातडी जाड आणि काळपट झाली आहे, तिच्यावर पापुद्रे. मागच्या पायाने इतका खाजवतो की फरशीवर नखांचा ठोका ऐकू येतो.

मात्र आज खरं कारण सापडलं. शेजारी खुशालराव राहतात. मूळ भातकुलीचे, तिकडे काळी जमीन आहे, इथे मुलांच्या शिक्षणासाठी घर बांधलं, पोरं शिकून गेली, नवराबायको आणि भुऱ्या नावाचं गावठी कुत्रं उरलं. दोन घरांमध्ये एकच भिंत, आणि तिला मागच्या बाजूला भगदाड आहे. आज पाहतो तर भुऱ्या खाजवत होता! प्रत्यक्ष पुरावा.

शैला म्हणाली, भुऱ्या तर आठ दिवसांपासून खाजवतो, आपला महिनाभरापासून. म्हटलं, कोण आधी खाजवलं हा मुद्दा गौण आहे.

८ एप्रिल, मंगळवार

नोटीस तयार. ‘आपल्या मालकीचे व ताब्यातील भुऱ्या नामक श्वान सामाईक भिंतीतील भगदाडातून वेळोवेळी बेकायदेशीर प्रवेश करून...’ फार दिवसांनी इतकं चांगलं मराठी लिहिलं. पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. रजिस्टर पोस्टाने पाठवली.

शैला म्हणाली, भिंतीवरून हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. तिला पोचपावतीचं महत्त्व कळत नाही.

तोपर्यंत कापूसचा उपचार थांबवणं इष्ट. पुराव्याची स्थिती बदलू नये.

१७ एप्रिल, गुरुवार. सायंकाळी

नोटीस भिंतीपलीकडे पोचायला नऊ दिवस लागले. खुशालराव स्वतः ती हातात घेऊन आले. म्हणाले, वकीलसाहेब, हे तुमीच वाचून दाखवा, आमाले काई समजून नाई राहिलं. मलाच माझी नोटीस मोठ्याने वाचावी लागली. वाचून झाल्यावर म्हणाले, म्हणजे तुमच्या कुत्र्याले खाज सुटली, असंच ना जी? तर मंग इतके कागद काहून खराब केले? त्याले खरूज झाली हाय. आमच्याले बी झाली. उद्या मी भुऱ्याले दवाखान्यात नेऊन राहिलो, तुमच्याले बी गाडीत टाका.

मी नकार दिला. त्यांच्या गाडीत कापूस बसला असता तर आमची बाजू कमकुवत झाली असती. चहा मात्र घेऊन गेले. निघताना कापूसजवळ बसले आणि त्याच्या उघड्या पाठीवरून हात फिरवला. किळस कशी येत नाही या लोकांना? मी तर पंधरा दिवस त्याला हात लावलेला नाही, अगदी नाइलाज झाला तर काठीने सरकवतो. तो माझ्याजवळ येत नाही, हे त्याच्या स्वभावातलं आहे.

२६ एप्रिल, शनिवार

पंचेचाळीसच्या वर पारा. माझ्या मनगटांवर आणि कमरेला बारीक पुरळ आहे. उन्हाळ्यात कोर्टात काळ्या कोटाची सक्ती नसते, पण मी घालतो. रुबाब म्हणून एक गोष्ट असते. त्या कोटाचंच हे. काल युक्तिवाद करताना हात थांबेना. न्यायाधीशांनी विचारलं, वकीलसाहेब, बरं वाटत नाही का? म्हटलं, उष्णता. समोरचा वकील दोन पावलं लांब सरकला.

तेच मलम लावलं. आराम आहे.

रविवारच्या फोटोसाठी जुन्यांपैकी आणखी तीन निवडून वेगळे ठेवले. ऐन वेळी धांदल नको.

४ मे, रविवार

कोर्टाला सुट्टी लागली. संकल्प: हा महिना पूर्णपणे कापूसचा. सकाळी जंतुनाशक टाकून आंघोळ, दुपारी करंजाचं तेल आणि गंधक, संध्याकाळी पुन्हा आंघोळ. मुलगी येईल तेव्हा असा काही कुत्रा तिच्यापुढे उभा करीन की सहा वर्षांपूर्वीचा फॉर्म ती विसरूनच जाईल.

सुरुवात उद्यापासून. आज वामकुक्षी फार लांबली.

७ मे, बुधवार

तीन दिवस केलं. कातडीला भेगा पडल्या, त्यातून पाणी येतं. तेलाचा डबा दिसला की कापूस पलंगाखाली जातो आणि दात दाखवतो. सहा वर्षांत कधी गुरगुरला नव्हता. कृतघ्न जनावर.

उपचार तूर्त स्थगित. शैला शेजारच्या खोलीत झोपायला गेली. म्हणाली, तुम्हा दोघांच्या खाजवण्याने झोप येत नाही.

१२ मे, सोमवार

एक नवा प्रकार. कापूस भगदाडातून पलीकडे जातो आणि खुशालरावांच्या बायकोच्या, गोदाबाईंच्या ओसरीवर भुऱ्याशेजारी जाऊन पडतो. गोदाबाई त्याला ताकभात देतात, ओलं फडकं अंगावर टाकतात. भुऱ्याचे केस परत आले आहेत. दाट. त्याला फक्त एक इंजेक्शन आणि काही गोळ्या दिल्या म्हणे. गावठी जनावर, त्याला काहीही लागू पडतं.

भिंतीवरून हाक मारली. कापूसने डोकं वर करून पाहिलं आणि परत खाली ठेवलं. गोदाबाई म्हणाल्या, राहू द्या ना भाऊ, थो घाबरून राहिला तुमाले.

कापूस मला घाबरतो? मी त्याच्यासाठी नोटीस काढली आहे.

२१ मे, बुधवार. दुपारी ४.३०

झोपून उठलो तर घरात कोणी नाही. शैला नाही, कापूस नाही, खुशालरावांची गाडी नाही. फ्रिजवर चिठ्ठी: कापूसला घेऊन अकोल्याला मोठ्या दवाखान्यात जातो आहोत. जेवण झाकून ठेवलं आहे.

माझ्या संमतीशिवाय! कुत्र्याचा परवाना माझ्या नावावर आहे. फिर्याद लिहायला घेतली. आरोपी क्रमांक एक, खुशालराव. आरोपी क्रमांक दोनपाशी थांबलो. तिचं पूर्ण नाव लिहिताना मधे माझंच नाव आलं.

रात्री ८

आले. डॉक्टरांनी कातडी खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरजेचे किडे. साधी गोष्ट होती, दोन महिन्यांपूर्वी आणला असता तर पंधरा दिवसांत बरा झाला असता, असं ते म्हणाले. त्या मलमाने त्याची प्रतिकारशक्ती मारली, त्यात गंधकाने भाजला. आता जखमा चिघळल्या आहेत, ताप आहे, चार-पाच दिवस काही सांगता येत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, हे सगळं कोणी लावलं? शैलाने सांगितलं, आमच्या घरचे वकील आहेत.

घरातल्या माणसांनाही दाखवून घ्या, हे माणसांना लागतं, असंही सांगितलं आहे. मी म्हटलं, मला कोटाचं आहे.

कापूस आता गोदाबाईंकडेच राहणार. शैलाने माझी चादर, उशी, सदरे उकळत्या पाण्यात टाकले. कोट दिला नाही.

२५ मे, रविवार. सकाळी ९

ताप उतरला म्हणे. भिंतीपलीकडून खुशालरावांनी ओरडून सांगितलं: खाल्लं जी त्यानं! मी खाली बसलो. डोळ्यांत पाणी आलं. का ते कळेना. या दिवसांत धूळ फार असते.

जुईलीला फोटो पाठवायचा राहिला नाही. पाठवला. जुना.

१ जून, रविवार. सकाळी ७

शेवटी सगळं मार्गी लागलं. जुईलीला यातलं काही कळलं नाही. दिवाळीपर्यंत केस पूर्ण येतील आणि हा विषय कायमचा बंद होईल. थोडक्यात, प्रकरण माझ्या बाजूने निकाली निघालं.

सकाळी ११

खुशालरावांकडून जुईलीचा आवाज आला. आधी वाटलं भास झाला. भिंतीजवळ जाऊन भगदाडातून पाहिलं. माझी मुलगी गोदाबाईंच्या ओसरीवर फतकल मारून बसली होती आणि कापूस तिच्या मांडीवर. नुसती गुलाबी कातडी, डोक्यावर थोडे केस. शेपटी हलत होती. ती रडत होती. रात्रीच्या गाडीने पुण्याहून येऊन ती सरळ तिकडे गेली होती. आधी आपल्या घरी आली नाही.

दुपारी ३

तासाभराने इकडे आली. हात धुतले. मी सुरुवात केली: हे बघ, वस्तुस्थिती अशी आहे की शेजारच्या कुत्र्यामुळे... तिने मोबाईल पुढे केला. पाडव्याचा फोटो. म्हणाली, बाबा, मागे बघा. पाहिलं. कापूसच्या मागे, दाराच्या वर, आकाशकंदील लटकत होता.

म्हणाली, मला तेव्हाच कळलं होतं. आईला फोन केला, तिने सगळं सांगितलं. दवाखान्याचं मी तिला रोज म्हणायची. ती म्हणायची, हे उद्या नेणार आहेत. मी दर रविवारी नऊ वाजता वाट पाहायची, आज तरी बाबा स्वतःहून सांगतील. तुम्ही दर रविवारी बरोबर नऊ वाजता फोटो पाठवलात.

मी म्हटलं, वेळ कधी चुकवली नाही, हे तरी मान्य कर.

तिने माझ्याकडे पाहिलं. फॉर्मच्या वेळी पाहिलं होतं तसंच. तेव्हाही ती ओरडली नव्हती. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

२ जून, सोमवार

गेली. कापूसला घेऊन. तिने एप्रिलमध्येच खोली बदलली आहे, नव्या घरात कुत्रा चालतो. मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. खुशालराव स्टेशनपर्यंत सोडायला गेले. गोदाबाईंनी प्रवासासाठी दशम्या दिल्या. मी दारात उभा होतो. कापूसला हाक मारली. तो जुईलीच्या पायांमागे गेला.

११ जून, बुधवार

खाज असह्य. कोर्ट सुरू झालं, पण कोट घालवत नाही. अखेर कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. खरूज. एक पान भरेल इतक्या सूचना दिल्या. मग विचारलं, घरात कुत्रा आहे का?

म्हटलं, नाही.

खरं तेच सांगितलं.

१५ जून, रविवार

नऊ वाजता सवयीने फोन हातात घेतला. पाठवायला काही नाही, आणि पाठवायचं कुणाला, हाही प्रश्नच.

सव्वानऊला शैलाच्या फोनवर जुईलीचा फोटो आला. माझ्या फोनवर नाही. शैलाने फोन माझ्यापुढे ठेवला. कापूस खिडकीत बसला आहे, पाठीवर पांढरी लव फुटली आहे. बऱ्यापैकी दाट. इतक्या लवकर? पंधरा दिवसांत?

फोटो मोठा केला. मागची भिंत पाहिली, खिडकी पाहिली, दाराचा वरचा कोपरा दोनदा पाहिला. आकाशकंदील नव्हता.

फोटो आजचाच आहे.