वॉली नुर्मीच्या रायफलीबाबत, आणि बाकी मालमत्तेबाबत

मी, रेइनो युहो कंगास, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा बंदूक-दुरुस्ती (आता बंद), राहणार टॅमरॅक हार्बर, उत्तर मिशिगन, असं लिहून ठेवतो की हा कागद मी स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. मला कुणी धाक घातलेला नाही, की गळ घातलेली नाही. शरीर थकलं आहे. पुढच्या साली हरणांच्या शिकारीला मी नसेन, असं डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवून सांगितलं आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे. आधीची माझी दोन्ही मृत्युपत्रं या कागदाने रद्द समजावीत. त्यांत मी खोटं काही लिहिलं नव्हतं, फक्त खरं लिहायचं टाळलं होतं.

वकीलबाई मिस होल्मग्रेन म्हणाल्या, "कंगास, मुद्द्याचं तेवढंच लिहा." मी म्हटलं, "बाई, मुद्द्यापर्यंत यायला मला चौतीस वर्षं लागली. चार पानं जास्त झाली तर चालवून घ्या."

कलम १. राहतं घर, मागची जागा आणि सौना (वाफेच्या अंघोळीची खोली) माझी मुलगी कार्लीन हिला मिळावी. घर विकायचं तर तिने खुशाल विकावं, पण सौना पाडू नये. ती माझ्या वडिलांनी खाणीतून सुट्टी काढून बांधली होती, आणि कार्लीनच्या आईने, माझ्या एल्माने, तिथेच मला "हो" म्हटलं होतं.

कलम २. बँकेत जे असेल ते कार्लीनचं. त्यातूनच माझ्या दफनाचं जेवण व्हावं. जेवणाला पॅस्टी असावी. मांस-बटाट्याच्या या करंजीत गाजर घालणाऱ्याला चर्चच्या दारातूनच परत पाठवावं. पॅस्टी फिनलंडवाल्यांची की कॉर्नवॉलवाल्यांची, यावर माझं आणि सिरिल ट्रेव्हारोचं तीस वर्षं भांडण चाललं. ती त्याच्या कॉर्नवॉलवाल्यांचीच, हे मी आता कबूल करतो. कबुली द्यायची सवय लहान गोष्टींपासून लावून घेतोय.

कलम ३. माझा मेहुणा आइनो याला काहीही देऊ नये. १९९६ च्या जानेवारीत तो माझं बर्फ फोडायचं गिरमिट "उद्या आणून देतो" म्हणून घेऊन गेला. तो उद्या अजून उजाडायचा आहे. गिरमिट त्याच्याकडेच राहू द्यावं, म्हणजे त्याची वाटणी झाली.

कलम ४. दुकानातले सुटे भाग. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण 'कंगास अँड ट्रेव्हारो' ही पाटी अजून तळघरात आहे, आणि खणसुद्धा भरलेले आहेत: बोल्ट, दांडे, स्प्रिंगा, गॅसची नळकांडी. हे भाग घाऊक विकू नयेत. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आहे, कुठल्या रायफलीतून निघाला, किती झिजला, कुणाबरोबर चालला. या चिठ्ठ्या सिरिलच्या हातच्या आहेत.

सिरिल माझा भागीदार. आम्ही १९७१ मध्ये दुकान काढलं, दोघंही सैन्यातून शस्त्रदुरुस्ती शिकून आलेलो. तो काटेकोर आणि मी चपळ, त्यामुळे गिऱ्हाईक दोघांवर खूश असायचं. आमच्याकडे यायच्या त्या बहुतेक जुन्या सरकारी रायफली, एकदा चाप ओढला की एक गोळी सुटणार आणि पुढची आपोआप भरली जाणार, अशा. माझं म्हणणं असायचं की हे सगळं एकाच सरकारी नकाशाबरहुकूम बनलंय, इथला बोल्ट तिथे बसतोच.

"बसतो रे," सिरिल म्हणायचा. "पण बसणं वेगळं आणि नांदणं वेगळं. लग्न काय कुणाचंही लागतं."

"तू माप घेत बस म्हाताऱ्या. तोवर हरणं पिकल्या केसांची होतील."

"होऊ देत. गिऱ्हाइकाचे डोळे तरी शाबूत राहतील."

हे तो थट्टेत म्हणायचा. मी हे वाक्य इथे मुद्दाम लिहिलं आहे.

कलम ५. माझी सगळी हत्यारं, लेथ, कानशी, मापं आणि छिद्रं तपासायच्या सळयांची पेटी सिरिल ट्रेव्हारो याला मिळावी.

कलम ६. तळघरात, डाव्या भिंतीच्या फळीवर, मेणकापडात गुंडाळलेली एक रायफलीची नळी आहे. तिच्यावर चिठ्ठी नाही. कार्लीनने लहानपणी एकदा विचारलं होतं, "बाबा, हिला नाव का नाही?" मी म्हटलं, "भंगार आहे." ती भंगार नाही. ती वॉलेस (वॉली) नुर्मी याच्या रायफलीची नळी आहे. ती टाकून द्यायची माझी हिंमत झाली नाही, आणि कुणाला दाखवायचीही झाली नाही. ती आमच्या नेमबाजी क्लबच्या टेबलावर ठेवावी आणि कुणाही जाणकाराने तिच्या छिद्रात सळई घालून पाहावी. त्याला पाच मिनिटांत कळेल.

कलम ७. आता मुद्दा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशा रायफलीच्या नळीला तोंडाजवळ एक बारीक छिद्र असतं. गोळी पुढे सरकली की तिच्यामागचा थोडा गॅस त्या छिद्रातून खाली येतो आणि एका दांड्याला मागे ढकलतो. दांडा बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा लोखंडी अडसर, उघडतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो, नवं आत घेतो. गॅस कमी पडला तर काडतूस अडकतं. जास्त झाला तर दांडा हातोड्यासारखा मागे येतो आणि दर गोळीला रायफलीची मागची बाजू थोडी थोडी खचत जाते. सगळं त्या छिद्रावर असतं.

१९८७ च्या नोव्हेंबरात वॉली त्याची रायफल घेऊन आला. वॉली जंगलखात्यात होता, उभ्या झाडाकडे नुसतं पाहून किती फूट लाकूड निघेल ते सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं. म्हणाला, "थंडीत काडतूस फेकत नाही रे. परवापासून शिकार सुरू, काहीतरी कर." सिरिलने बोल्ट पाहिला, झिजला होता. त्याने खणातून दुसरा काढला, तीन वेळा मापला, बसवला, पुन्हा मापला आणि कामाच्या कार्डावर लिहून सही केली. मी कॉफीचा कप हातात धरून शेजारीच उभा होतो. मग तो जेवायला घरी गेला.

रायफल तरीही अडखळत होती. खरा दोष दांड्याच्या टोकाशी होता, तो झिजून बारीक झाला होता आणि गॅस बाजूने निसटत होता. दांडा बदलायला हवा होता. तसा दांडा मागवायला आठवडा लागला असता, आणि वॉली दारात उभा राहून घड्याळ बघत होता. मी छिद्र मोठं केलं. दोन मिनिटांचं काम. रायफल झकास चालू लागली. कार्डावर मी काही लिहिलं नाही. वॉलीने पाठ थोपटली आणि म्हणाला, "सिरिल असता तर मला नाताळला बोलावलं असतं." मी हसलो.

थंडीत काही बिघडलं नाही. मार्चमध्ये वॉलीने कुठूनतरी नवा दांडा मिळवला आणि घरीच बसवला. भाग योग्य, नकाशाबरहुकूम. आता गॅस निसटत नव्हता, आणि छिद्र मात्र मी मोठं करून ठेवलेलं. १९८८ च्या जुलैत क्लबच्या स्पर्धेत त्याने शिकारीची जड काडतुसं भरली. नवव्या गोळीला रायफलीची मागची बाजू तडकली आणि लोखंडाचा तुकडा त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. डोळा वाचला नाही. एका डोळ्याने झाडाचं अंतर कळत नाही. वर्षाच्या आत त्याची नोकरीही गेली.

रायफल आमच्याच दुकानात आली. जाणकाराने पाहिली असती तर घटकेत कळलं असतं. पण गावात जाणकार आम्ही दोघंच होतो. सिरिल तिला हात लावेना.

"तूच बघ रे रेइनो. बोल्ट मी बसवला होता."

मी पाहिली. दांडा नवा दिसला, आणि त्याच क्षणी मला सगळं समजलं. सिरिल कार्ड हातात घेऊन माझ्याकडे बघत होता. कार्डावर त्याची एकट्याची सही होती.

"मी मापला होता," तो म्हणाला. मग त्याचा आवाज खाली गेला. "मापला होता ना मी? तू होतास ना तिथे?"

मी म्हणालो, "मला नाही आठवत, सिरिल."

एवढंच. बोल्टाचा दोष आहे असं मी कधीच म्हणालो नाही. माझ्या तोंडून त्याच्याविरुद्ध एक शब्द गेला नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. जगातला सगळ्यात काटेकोर माणूस त्या दिवसापासून स्वतःच्या मापावर अविश्वास ठेवू लागला, आणि त्याला माझं एक वाक्य पुरलं. गावाने विचारलं तेव्हा तोच म्हणाला, "चूक माझी. चुकीचा बोल्ट घातला." ऑगस्टमध्ये त्याने भागीदारी सोडली आणि पुढची बावीस वर्षं शाळेची बस चालवली. त्यानंतर त्याने कधी कानस हातात धरली नाही. वॉलीच्या छपराची डागडुजी, त्याच्या दारातला बर्फ, त्याला डॉक्टरकडे नेणं, सगळं सिरिल करतो, आजही, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी.

मी का बोललो नाही? एल्माने शेवटच्या आजारपणात हेच विचारलं. तिला मी सांगितलं होतं, फक्त तिला. ती म्हणाली, "भीती वाटली, हे एक वेळ समजू शकते. पण भीती काय इतकी वर्षं टिकते का?" नाही टिकत. पहिलं वर्ष भीती होती. पुढे लाज होती, की आता सांगितलं तर 'तेव्हा का नाही?' असं विचारतील. आणि थोडा गर्वही होता, तोही लिहून टाकतो. ज्याच्या मापांची मी जन्मभर टिंगल केली, त्याची मापं बरोबर होती हे मला सांगवेना. मला याचा फार पश्चात्ताप होतो. रोज होतो. पश्चात्तापाने वॉलीच्या दारातला बर्फ निघत नाही, तो सिरिलच काढतो.

तरी असं जाहीर करतो: बोल्ट योग्य होता. सिरिलने तो चार वेळा मापला, मी पाहिलं. दोष माझ्या हातचा होता. हे कलम माझ्या मृत्यूनंतर क्लबच्या सभेत मोठ्याने वाचावं.

कलम ८. वरच्या कलमातलं शेवटचं वाक्य रद्द.

कारण लिहितो. मंगळवारी, हा कागद असा अर्धवट पडलेला असताना, सिरिल पॅस्टी घेऊन आला. मी कागदावर वर्तमानपत्र टाकलं. जिना चढून त्याला धाप लागली होती. त्याने छातीवर हात ठेवला आणि खुर्चीत बसला.

"काय रे, तूही चाललास की काय माझ्याबरोबर?" मी म्हटलं.

"तुझ्या आधी जाईन बघ. तुम्ही फिनलंडवाले मरायलाही उशीर लावता." मग म्हणाला, "पुढच्या आठवड्यात मीही होल्मग्रेनबाईंकडे जातोय. घर वॉलीच्या नावे करतोय."

"आणि तुझी पुतणी? ती तुझ्याकडेच राहते ना?"

"तिला सांगितलं. रडली जरा. पण मी त्या माणसाचा डोळा घेतलाय, रेइनो. घर दिलं म्हणून फिटत नाही, पण दुसरं आहे काय माझ्याकडे?"

तो पॅस्टी कापत होता. मी मेल्यावर वाचायचा कागद लिहिणं मोठं सोयीचं असतं. शिव्या ऐकायला आपण नसतो. आणि तो माझ्या आधी गेला, तर हे वाचून कुणाला ऐकवणार? मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. मला तोंडाने जमत नाही, हे आता माझं मलाच कळून चुकलं आहे.

म्हणून असं ठरवलं: या मृत्युपत्राचा दुसरा साक्षीदार सिरिल ट्रेव्हारो असावा, आणि सही करण्यापूर्वी त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा कागद वाचावा. मी समोर बसेन. वकीलबाई म्हणतात, "साक्षीदाराने कागदातून काही घेऊ नये, उद्या कुणी हरकत घेईल." तर कलम ५ रद्द. हत्यारं कार्लीनकडे जावीत. सिरिलला द्यायला माझ्याकडे खरं तर एकच गोष्ट होती आणि ती हत्यारांच्या पेटीत नव्हती.

कलम ९. वॉलीला मी स्वतः जाऊन सांगेन. येत्या शनिवारी. पाय चालले नाहीत तर कार्लीन गाडीने नेईल. हे मृत्युपत्रात लिहायचं नसतं म्हणे. पण लिहिलं नाही तर मी जाणार नाही, हे मला माहीत आहे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला आहे, खाडाखोड माझीच आहे, आणि ती तशीच ठेवावी.

सही: रेइनो यु. कंगास
स्थळ: टॅमरॅक हार्बर
दिनांक: १३ ऑक्टोबर २०२२

साक्षीदार पहिला: इन्ग्रिड होल्मग्रेन, वकील. मृत्युपत्रकर्त्याने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: सिरिल ट्रेव्हारो. सगळा कागद वाचला. दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्याने, त्याच्या तोंडासमोर. मृत्युपत्र करणारा इसम आज पूर्ण शुद्धीवर आहे, अशी साक्ष देतो. जुलै १९८८ मध्येही होता.