कोयनेलचे वाटे

१४ सप्टेंबर १९३६
वरच्या वाडीला हिवतापावरच्या औषधाच्या, कोयनेलच्या, गोळ्या पोचवल्या. भोरहून भाटघरापर्यंत उस्मानभाईचा टांगा, तिथून होडी, मग दीड तासाचा चढ. गुडघे बोलू लागलेत. आमच्या औषध मंडळाचे अध्यक्ष अप्पासाहेब डोलीतून आले, हार घालून घेतले आणि हिवतापावर पाऊण तास बोलले. ऐकणाऱ्यांपैकी तिघांना तिथंच हुडहुडी भरली. चिटणीस म्हणून मीही दोन वाक्यं बोललो. "हे औषध साऱ्या वाडीचं आहे. कुणीही वंचित राहता कामा नये." टाळ्या. गोळ्या पाटलांच्या हवाली. कशा घ्यायच्या ते कागदावर लिहून दिलं: आजाऱ्यानं रोज दोन, दहा दिवस. पाटील म्हणाले, "मास्तर, घोर नगा करू. वाटपात माजा हात कुनी धरनार न्हाई."
घरी येऊन अहवाल लिहिला. औषध पोचलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून एवढा समाधानाचा दिवस गेला नव्हता.

३० सप्टें.
पुन्हा वाडीला. एकटाच, न कळवता. कळवलं असतं तर परत हार.
पाटलांनी गोळ्या उंबऱ्यागणिक वाटल्या. बत्तीस उंबरे, प्रत्येकी आठ. जत्रेच्या बोकडाचे वाटे घालतात तसे पळसाच्या पानांवर, गावासमक्ष. घरात ताप असो नसो. एका आजाऱ्याला लागतात वीस. म्हणजे पुरं औषध एकालाही मिळालं नाही. धडधाकट घरांनी आपला वाटा देव्हाऱ्यात ठेवलाय. एका म्हाताऱ्यानं आठही एकदम खाल्ल्या. दोन दिवस कान वाजत होते म्हणे, "पर गुन लई."
मी पाटलांवर आवाज चढवला. ते शांतच. "एकाला द्याचं आन एकाला न्हाई, असं कसं चालंल? तुमीच म्हनला न्हवं, साऱ्या वाडीचं हाय म्हनून?"
म्हणालो होतो. कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. माझा कागद देवळाच्या खांबाला चिकटवलेला, त्याला हळदकुंकू लावलेलं. वाडीत वाचता येणारं कुणी नाही; आहे का, हे मी विचारलंच नव्हतं.
सगुणाबाई म्हणून वाडीची सुईण आहे. तिची नात चंद्री, सात-आठ वर्षांची. आठ गोळ्यांनी ताप उतरला, आठवड्यानं परत आला. पोट पुढं आलेलं, डोळे पिवळे. माझ्याकडे बघून पोर हसली, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हातारी दारोदार गोळ्या मागत फिरली. सगळीकडे एकच उत्तर: "द्येवाम्होरं ठिवल्यात, उचलायच्या कशा?"
लाज वाटली. उतरताना दोनदा घसरलो.

४ ऑक्टो.
मंडळाची बैठक, अप्पासाहेबांच्या दिवाणखान्यात. मी मांडलं ते असं. समारंभ बंद. मंडळाच्या कपाटात शिल्लक असलेला गोळ्यांचा डबा गावातल्याच एका जाणत्या माणसाकडे ठेवायचा, वाडीत सगुणाबाईकडे. जो कुडकुडेल त्यालाच गोळ्या, तिच्या डोळ्यांदेखत, पुरे दहा दिवस. एक गाव पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही.
अप्पासाहेब म्हणाले, "वाडीला एकदा दिलं ना? आता पाच नवी गावं घ्यायची. पुण्याच्या देणगीदारांना गावं दाखवावी लागतात, चिटणीस. त्यांना सुईण काय दाखवायची?"
पाच गावांत पुन्हा आठ-आठच वाटणार असाल तर बत्तासे वाटा, म्हटलं, निदान गोड तरी लागतील.
ठराव: शिल्लक डबा पाच गावांना. विरोध माझा एकट्याचा. नोंद घेणाराही मीच, तेव्हा ती ठळक घेतली. उरलेला वेळ, हार झेंडूचे की शेवंतीचे.
कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.

११ ऑक्टो.
डबा घेऊन वाडीला गेलो. मंडळात कुणाला सांगितलं नाही. उस्मानभाईनं पिशवी चाचपली. "मास्तर, आज हार न्हाई, अध्यक्ष न्हाई. औषीदच नेताय का काय?" लबाड माणूस. परतीचं भाडं घेईना.
वर पाटलांनी आधीच एक काम करून ठेवलेलं. घरोघरच्या देव्हाऱ्यातल्या गोळ्यांना गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला आणि प्रसाद म्हणून उचलल्या. "परसाद कुनाला? ज्याला हुडहुडी त्याला." भांडण नाही, रुसवा नाही. मला हे सात जन्मांत सुचलं नसतं. मात्र निम्म्याच हाती लागल्या, आणि तापाची घरं नऊ. म्हणून डबा हवाच होता. तो सगुणाबाईच्या फडताळात ठेवला.
लिहिणं-वाचणं नको, म्हणून भिंतीवर कोळसा. आजाऱ्यानं दिवसाच्या दोन गोळ्या तिच्यासमोर गिळल्या की एक रेघ. दहा झाल्या की सुटला. चंद्रीनं आपली पहिली रेघ आपणच ओढली. वाकडी.

१६ ऑक्टो.
काल अप्पासाहेबांची चिठ्ठी. डबा उद्याच्या उद्या आणावा, नाहीतर मंडळाला दुसरा चिटणीस बघावा लागेल. हार सांगून झालेत. त्या पाच गावांतही लोक तापानं फणफणलेत, असंही लिहिलंय. ते खोटं नाही, हीच तर पंचाईत.
म्हणून आज वाडीत. हे सगुणाबाईच्या ओट्यावर बसूनच लिहितोय.
वाटलं होतं, म्हातारी भांडेल. भांडली असती तर सोपं गेलं असतं. तिनं मुकाट्यानं डबा काढला, पदरानं पुसला, माझ्यापुढं ठेवला. "न्या मास्तर. तुमचाच हाय." मग भिंतीकडे हात केला. "निस्तं येवडं सांगून जा, कुनाकुनाची रेघ हितं थांबवायची. म्या न्हाई सांगायची कुनाला."
भिंतीवर नऊ घरांच्या ओळी. कुणाच्या तीन, कुणाच्या चार. चंद्रीच्या पाच, शेवटची जवळजवळ सरळ.
ऊन उतरायला लागलंय. उस्मानभाई खाली खोळंबला असेल. डबा आमच्या दोघांच्या मध्ये, झाकण लावलेला. चंद्री कोळसा घेऊन केव्हाची उभी आहे.
"मास्तर, माजी आजची ऱ्हायलीया."