चिमणीची मान

विक्रांत, तुझा फोन लागत नाहीये. अण्णांना परळला हॉस्पिटलात नेतेय. कपाटातली त्यांची फाइल घे आणि तसाच ये, जेवत बसू नकोस.

मी भाजीला गेले तेवढ्यात त्यांनी ऑक्सिजनचं मशीन बंद केलं. परत लावलं तरी ओठ निळेच आहेत. तू बनवून भिंतीवर लावलेल्या त्या चिमणीपायी. घरात वीज जास्त जाळली की ती मान खाली घालते, ते त्यांना बघवत नाही. "पोरगा येईल तेव्हा ती खूश दिसू दे," धापा टाकत एवढंच बोलले.

आता मी सगळं बंद करून निघतेय. दार उघडशील तेव्हा ती मान ताठ करून बसलेली असेल. तिच्याकडे बघत उभा राहू नकोस रे, धावत ये.

आई