सहा झाडं, अकरा टोमॅटो

प्रिय नकटू,

पत्र बघून तुला वाटेल, बाबांचा फोन बिघडला की काय. फोन ठीक आहे. पण फोनवर तू 'हं' म्हणतेस, मी 'बरं' म्हणतो आणि रिसीव्हर आईच्या हातात जातो. त्यात काही सांगून होत नाही. शिवाय मला जे सांगायचंय त्याला एक क्रम आहे, आणि या घरात माझा क्रम कुणी टिकू देत नाही. कागद मध्ये बोलत नाही, एवढं त्याचं बरं आहे.

बाग संपत आली. सकाळी गवताला हात लावला तर बोटं बधिर होतात. टोमॅटोची खालची पानं गळून गेली, वरची काळपट पडली. काठ्यांना बांधलीत म्हणून झाडं उभी आहेत, नाहीतर त्यांनी केव्हाच लोळण घेतली असती. आज मोजलं. सहा झाडं, त्यांवर अकरा टोमॅटो. सात पिकलेले, चार पिकायच्या बेतात. सोमवारपासून कडाका वाढणार असं म्हणतात. मी जुन्या चादरी काढून ठेवल्या आहेत झाडांवर घालायला. तुझी आई म्हणते, माणसांना पांघरूण घालताना कधी एवढी धावपळ केली नाहीत.

रोज दुपारी एक सँडविच खातो. पद्धत तुला पाठ आहे, तरी लिहितो, कारण यंदा आईने ती दोनदा मोडली. ब्रेड आदल्या दिवशीचा हवा, ताजा ब्रेड रस पिऊन लगदा होतो. करंगळीएवढी जाड चकती, एकाच बाजूने भाजलेली, आणि भाजलेली बाजू आत. लोणी अगदी कडेपर्यंत, कारण ते रस अडवायला असतं. मधोमध ठिपका लावून मोकळे होणाऱ्यांना हे कधी कळायचं नाही. टोमॅटो फ्रिजमधला नको, उन्हात कोमट झालेला हवा. आडव्या चकत्या, वर मीठ, आणि चार मिनिटं थांबायचं. तीन नाही, पाच नाही. खायचं उभ्याने, सिंकवर वाकून. कालच्याचा रस मनगटावरून ओघळत थेट कोपराला गेला. पहिल्या घासाला ब्रेडची कड कुरकुरली, मग कोमट गर, मग दाताखाली एकेक बी. सिंकजवळच्या खिडकीतून झाडं दिसतात. बाही वर करून तिथे उभं राहायला मला आवडतं. मोसम संपला की हे आठ महिने नाही.

दुकान चालू आहे. वजनकाटे दुरुस्त करायला आता माणसं कमी येतात, पण जी येतात ती दुसरीकडे हात टेकून आलेली असतात. हे काम मला कुणी शिकवलं नाही, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस, म्हणून पुन्हा सांगत नाही. मागच्या महिन्यात आपला बेकरीवाला त्याचा काटा घेऊन आला. सहा महिने त्याचा ब्रेड बिघडत होता. मैद्याचे दोन व्यापारी बदलले, भट्टी तपासून घेतली, कामगारावर ओरडून झालं. मी रिकामा काटा टेबलावर ठेवला, तर सुई शून्याच्या पुढे दोन रेघा. मी म्हटलं, अहो, मैद्याला दोन रेघा काहीच नाहीत, पण तुमचं मीठच चुकतंय. तर म्हणतो कसा, काटा वडिलांच्या वेळचा आहे, तो चुकणार नाही, मैद्यातच दम राहिला नाही. मग त्याच्यासमोर माझ्या पेटीतलं प्रमाण वजन काढून पारड्यात ठेवलं. माणूस खुर्चीत बसलाच. घरी येऊन हा किस्सा मी आईला रंगवून सांगितला. ती हसली नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं आणि ताट उचलून आत गेली.

तू सात वर्षांची होतीस तेव्हा आपण पहिल्यांदा बी निवडलं, ते तुला आठवत असेल. मोसमाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक झाडाचं एक फळ, एक चकती, मीठ नाही. तू ओट्यावर पाय हलवत बसायचीस, डोळे घट्ट मिटून. मी बशीखाली नंबर लिहायचो, तुला कळू नये म्हणून. तुझ्याकडे दोनच शेरे होते. जो जिभेवर पसरायचा, आधी गोड, मग आंबट, मग पुन्हा काहीतरी, तो 'बडबड्या'. जो नुसताच ओला, तो 'घुमा'. बडबड्याचं बी ठेवायचं, घुम्याचं नाही. अकरा वर्षं आपण हेच केलं. एकदा मी लबाडी करून एकाच फळाच्या दोन चकत्या दोन बशांत ठेवल्या. तू दुसरी तोंडात टाकलीस आणि डोळे न उघडता म्हणालीस, बाबा, हा आत्ताच येऊन गेला की. ही गोष्ट मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. मी ती अशी सांगत फिरतो, हे तुला मात्र कधी सांगितलं नाही, असं दिसतं.

मग तू शिकायला गेलीस आणि निवड माझ्याकडे आली. मी जे येतं तेच केलं. काटा घेतला. सगळ्यात जड फळाचं बी ठेवायचं, असा नियम केला, वही सुरू केली, सात वर्षं प्रत्येक फळ तोललं. दरवर्षी आकडा चढत गेला. शेवटी एक फळ चारशे बारा ग्रॅमचं निघालं. त्याच वर्षी तू लग्नानंतर पहिल्यांदा मोसमात घरी आलीस, जावईबापूंना घेऊन. मी पद्धतशीर सँडविच केली, चार मिनिटं मोजून. जावईबापू म्हणाले, उत्तम आहे. सभ्य माणूस. तू एक घास खाल्लास, थांबलीस आणि म्हणालीस, बाबा, हा घुमा आहे. मग दुसऱ्या झाडाचा मागितलास. मग तिसऱ्याचा. सगळेच घुमे झालेत, म्हणालीस, आणि ते तू टोचायला म्हणाली नव्हतीस, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी वही आणून समोर आपटली. म्हटलं, हे आकडे आहेत, आणि तुझी जीभ बाहेरचं खाऊन मेलीय. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढे म्हणालो की एका पोरीच्या जिभेवर विसंबून मी अकरा वर्षं फुकट घालवली. तू अर्धं सँडविच ठेवलंस, बशी धुतलीस, पुसून जागेवर ठेवलीस. त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर तू सात वेळा घरी आलीस आणि सातही वेळा वाफे रिकामे होते. मी तारखा लिहून ठेवल्या आहेत. योगायोग म्हणायला सात ही संख्या जरा मोठी आहे.

गेल्या हिवाळ्यात प्रमाण वजनांची लाकडी पेटी साफ करत होतो. पन्नास ग्रॅमच्या वजनाखाली, मखमलीच्या फटीत, एक घडी घातलेलं पाकीट निघालं. वर तुझं अक्षर. 'बडबड्या, झाड तीन, बाबांनी हरवू नये.' तू गेलीस त्या वर्षीचं. आत चाळीस बिया होत्या. एवढं जुनं बी उगवत नाही असं सगळे सांगतात. सहा उगवल्या. तीच ही सहा झाडं. यंदा माझं जड वाण मी लावलंच नाही, एकही नाही.

फळं दिसायला काही नाहीत. लहान, देठाजवळ तडकलेली, एक तर चक्क नाकासारखं. वही मी यंदा उघडली नाही. पण शेजारचे पोस्टमनकाका तुला माहीत आहेत. निवृत्त झाल्यापासून त्यांना कशालाही 'छान' म्हणायची सवय आहे, माझ्या चारशे बारालाही छान म्हणाले होते. त्यांना कुंपणावरून एक चकती दिली. ते काहीच बोलले नाहीत. हात पुढे करून दुसरी मागितली आणि ती घेऊन घरात गेले. आणि तुझ्या आईने, जिला टोमॅटोने आम्लपित्त होतं, जिने सहा वर्षं टोमॅटो तोंडात घातला नव्हता, तिने माझ्या बशीतली चकती पळवली आणि दुपारभर सोड्याचं पाणी पीत बसली. चेहऱ्यावर पश्चात्ताप म्हणून नव्हता. तेव्हा त्या दिवशी तुझी जीभ बरोबर होती आणि माझी वही चूक होती, हे मी इथे लिहून देतो. जावईबापूंनाही वाचून दाखव, त्यांच्यासमोरच बोललो होतो.

आता जे लिहायला बसलो ते. मार्चमध्ये मला ताप आला होता, हे आईने तुला सांगितलं असेल. ताप गेला, पण जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. बिया पेरल्या तेव्हापासून आजपर्यंत मी एकाही टोमॅटोची चव घेतलेली नाही. रोजचं सँडविच मी कानाने, दाताने आणि कोपराने खातो. हे मी घरात कुणाला बोललो नव्हतो. परवा आईने चहात साखरेऐवजी मीठ घातलं, आणि ती चूक होती असं ती म्हणत असली तरी मला शंका आहे. मी सगळा कप संपवला आणि चहा छान झालाय म्हणालो. तिने कप घेतला आणि म्हणाली, पोरीला लिहा. डॉक्टर म्हणतात, चव येईल, नाही तर नाहीही येणार. सहाही झाडांचं बी एकत्र ठेवता येईल, पण सहांतलं निदान एखादं तरी घुमं असणार, आणि मग दोन वर्षांत आपण पुन्हा होतो तिथे. आईला डॉक्टरांनी आता दटावलंय, आणि पोस्टमनकाका तिसऱ्या चकतीनंतर सगळ्यांना 'छान'च म्हणतात. शनिवारी सकाळची गाडी दहाला पोचते. अकरा फळांना मी तोवर हात लावणार नाही, म्हणजे आजपासून सँडविच बंद. सहा बशा काढल्या आहेत, खाली नंबर लिहिले आहेत, सुरीला धार केली आहे. ओट्यावर बसायचं तुझं वय राहिलं नाही, पण ओटा भक्कम आहे, मी बघून घेतलाय. तू म्हणशील ते मी लिहीन. सगळे घुमे म्हणालीस तर तेही लिहीन, आणि या वेळी वही आपटणार नाही.

तुझाच, चार मिनिटं थांबायला शिकवणारा आणि स्वतः चार वर्षं घालवणारा,
बाबा