तूलिमाऊच्या नावावर

सावाई, सामोआ
८ मार्च २००९

चि. पेनीस,
अ. उ. आ.

इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. मी मजेत नाही. आपल्या पाद्रीबुवांची लेक आपियाच्या ग्रंथालयात लागली आहे, तिने तुझा अळूच्या करप्यावरचा नवा लेख छापून आणला. रविवारी प्रार्थना संपल्यावर मी तो मोठ्या कौतुकाने बायकांना दाखवायला घेतला, आणि पहिल्याच पानावर तुझं जुनंच नाव निघालं, पेनिआमिना फालेतोआ. डिसेंबरात ज्याला आम्ही तूलिमाऊ केलं तो माणूस कुठे गेला रे?

विसरला असशील तर आठवण देते. काका गेल्यावर तूलिमाऊ या आपल्या घराण्याच्या बिरुदाचं त्यांच्याकडचं अर्धं कुणाला द्यायचं यावर तीन दिवस बैठक चालली होती. दुसरं अर्धं बारा वर्षं त्यांच्या मुलाकडे, एतुआलेकडेच आहे, तर सगळंच त्याला द्या, असं त्याच्या बाजूच्यांचं म्हणणं होतं. तो ऑकलंडला हृदयाचा डॉक्टर आहे, आणि सही करतो तीसुद्धा नुसती तूलिमाऊ म्हणून. तेव्हा मी उठून सांगितलं की माझा भाऊ हे नाव जगात मिरवेल, हमी माझी. आपल्यात बहिणीचा शब्द मोडत नाहीत, म्हणून सगळ्यांनी मानलं.

आता एतुआलेच्या बाजूच्या फेतूची बायको दुकानात चारचौघांत म्हणते की पेनी ते बिरुद विमानतळावर उतरवून ठेवतो. मी साबण न घेताच परत आले. उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर तू फार गोड बोलतोस.

लोभ ठेवायचा की नाही ते तुझं उत्तर वाचून ठरवीन.

तुझी ताई,
लोसा


ब्रिस्बेन
२९ मार्च २००९

ती. लोसाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझं डोकं फिरलं. लेखात अळूबद्दल काय लिहिलंय ते तुमच्यापैकी एकाने तरी वाचलं का? नाव बघून मिटला असेल.

आता नीट ऐक. इथे माझी किंमत एका आकड्यावर ठरते. माझा आकडा चौदा. म्हणजे माझे चौदा लेख असे आहेत की त्यांतल्या प्रत्येकाचा दाखला निदान चौदा वेळा तरी दुसऱ्यांनी आपल्या लेखांत दिला आहे. हे सगळं एक यंत्र मोजतं आणि ते नावावर मोजतं. उद्या मी तूलिमाऊ म्हणून लिहायला लागलो तर यंत्राच्या लेखी तो काल जन्मलेला पोरगा, त्याचा आकडा शून्य. माझा करार डिसेंबरात संपतो. प्राध्यापकाची एक जागा आहे, तिची निवड सप्टेंबरात होईल. विभागप्रमुख हॅलोरनबाई आधी आकडा बघतात, माणूस नंतर. मागच्या वर्षी वीस वर्षं उसावर राबलेल्या एका गृहस्थांना त्यांनी आकडा अकरा म्हणून घरी बसवलं, आणि निरोपाला केक कापला.

तुझं बरं आहे. शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावायचे की झालं. तुझे दाखले कुणी मोजत नाही. फेतूच्या बायकोला माझा नमस्कार सांग, आणि तिच्या नवऱ्याला आजपर्यंत कुणी कशासाठी निवडलं तेही विचार.

रागावलीस तरी चालेल, पण समजून घे.

तुझा,
पेनी


सावाई
१९ एप्रिल २००९

चि. पेनीस,
अ. उ. आ.

पाढे शिकवते म्हणूनच चौदा म्हणजे किती ते मला कळतं. त्याच्यापायी माणूस स्वतःचं नाव सांगायला घाबरतो हे मात्र नव्याने कळलं.

आपल्याकडे माणसाचं नाव बदललं की दुसऱ्या दिवसापासून पोरंसोरंसुद्धा नव्या नावाने हाक मारतात, आणि आधीचं केलेलं कुणी विसरत नाही. तुमच्या यंत्रामागे कुणीतरी माणूस बसत असेलच ना? त्याला एक चिठ्ठी लिही, की पेनिआमिना तोच तूलिमाऊ, जुनं सगळं नव्या नावाखाली घाला. एवढं तुला सुचत नसेल तर चौदासुद्धा जास्तच दिले म्हणायचे.

ऑगस्टात पुन्हा बैठक आहे. तोवर नाव लागलं नाही तर मी दिलेला शब्द मागे घेईन. ही धमकी आहे, विनंती समजू नकोस.

आईच्या गुडघ्याला आता बरं आहे. ती तुला लोभ कळवते. माझा धरू नकोस.

लोसा


ब्रिस्बेन
११ ऑक्टोबर २००९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिंकलीस! तू सांगितलंस तशी चिठ्ठी लिहिली, आणि यंत्रानेही ऐकलं. जुलैपासून मी सगळीकडे तूलिमाऊ आहे. आकडा काही घसरला नाही, उलट एक्केचाळीस झाला. कसा ते विचारू नकोस, तुला समजायचं नाही. हॅलोरनबाईंनी स्वतः खुर्ची पुढे केली. काल निवडीचं पत्र आलं, मी प्राध्यापक झालो. खोलीच्या दारावर पितळी पाटी लागली आहे, प्राध्यापक तूलिमाऊ, अशी. फोटो पाठवतो. तो दुकानात टांगायला हरकत नाही.

आता तरी लोभ परत कर.

तुझा,
पेनी


सावाई
३ जानेवारी २०१०

पेनी,

अ. उ. आ. लिहायला हात उचलत नाही.

तुझा फोटो मी देवळात फिरवला. आईने डुक्कर कापायला लावलं. फेतूची बायको घरी येऊन माझ्या गळ्यात पडली. आणि नाताळात एतुआले आला.

जेवताना त्याने एक गंमत सांगितली. नोव्हेंबरात त्याच्या इस्पितळाने त्याला चौकशीला बसवलं. त्याच्या नावावर अळूचे सव्वीस लेख निघाले होते. डॉक्टरने आकडा फुगवायला दुसऱ्याचं काम आपल्या नावावर घातलं, असा संशय. महिनाभर त्याचं संशोधन बंद होतं, रुग्णांना परत पाठवावं लागलं, आणि अळूवर लिहिणारा तूलिमाऊ आपण नव्हे याची कागदपत्रं गोळा करत हा पोलिसांपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांचे उंबरे झिजवत होता. शेवटी त्याच्या यादीतून अळू काढलं. हे सगळं त्याने हसत हसत सांगितलं. तुझं नाव एकदाही घेतलं नाही. पण अळूवर कोण लिहितो हे पंगतीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी ताटाकडे.

एक्केचाळीस कसा झाला ते मला समजायचं नाही म्हणालास. समजलं. त्याच्या हृदयाचे लेख तुझ्यात मिसळले आणि ते बघून तू गप्प बसलास. माझ्या तोंडाला काळं फासलंस, पेनी. ते उतरवायला काय करणार आहेस ते लिही.

लोसा


ब्रिस्बेन
२४ जानेवारी २०१०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी चोरी केलेली नाही. मी फक्त नाव कळवलं, बाकीचं यंत्राने केलं. यादीत हृदयाच्या झडपांवरचे लेख दिसले तेव्हा मी यादी मिटली. एवढंच केलं.

तुझं पत्र आल्यावर हॅलोरनबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. चूक यंत्राची आहे, माझी नाही, असं त्या म्हणाल्या. शिवाय माझ्या एक्केचाळीसमुळे आमचा विभाग देशात नवव्यावरून चौथा झाला आहे. आता दुरुस्ती मागितली तर माझ्यासकट सहाजणांच्या जागा जातील, तेव्हा विषय इथेच संपला. मी त्यांना विचारलं की एकच माणूस अळूवरही लिहितो आणि हृदयावरही, हे निवड समितीत कुणालाच खटकलं नाही का? त्या म्हणाल्या की लेख वाचायला वेळ नव्हता.

मग मी काय करायचं? मला दोन मुलं आहेत. एतुआलेचं काम पुन्हा सुरू झालं आहे, त्याचं काही बिघडलेलं नाही. आणि खरं सांगू का, हे नाव लाव म्हणून हट्ट कुणाचा होता? मी चौदावर सुखी होतो. काळं फासायचंच असेल तर अर्धं तू घे.

आता हा विषय नको. लोभाचं तूच बघ.

पेनी


सावाई
१४ फेब्रुवारी २०१०

चि. पेनीस,
अ. उ. आ.

अर्धं माझं, हे खरं आहे. म्हणून माझं अर्धं मी काल बैठकीत फेडलं.

ज्या जागी उभी राहून तुझी हमी दिली होती तिथेच उभी राहिले. सांगितलं की माझ्या भावाने नाव मिरवलं, पण दुसऱ्याची मेहनत त्याखाली झाकून मिरवलं. हमी माझी होती, ती मी मागे घेते. एतुआले ऑकलंडहून फोनवर नको नको म्हणत होता, राहू दे, पेनी माझा भाऊ आहे म्हणत होता. त्याचं कुणी ऐकलं नाही. तुझं अर्धं बिरुद कालपासून त्याच्याकडे गेलं. आई खूप रडली. मी घरी येऊन रडले.

आता तुमच्या बाईंना काहीच दुरुस्त करायला नको. एक्केचाळीस असू दे, ज्याच्या नावावर आहे त्याचंच आहे. तूलिमाऊ जगात एकच आहे आणि तो डॉक्टर आहे. तू रोज ज्या खोलीत बसतोस तिच्या दारावर त्याची पाटी आहे, एवढं ध्यानात ठेव. ती काढायची की ठेवायची ते मी सांगणार नाही. मला तुमच्या त्या आकड्यांच्या गावाचं काही कळत नाही.

ईस्टरला मात्र मुलांना घेऊन ये. नाही म्हणू नकोस. बिरुदवाले बैठकीच्या घरात खांबांना टेकून बसतील, त्यांत तुझी जागा नाही. तू मागे चुलीपाशी राहा, बिनबिरुदाचे पुरुष असतात तिथे. आवाच्या मुळांचं मानाचं पेय कालवून झालं की आतून एकेक नाव पुकारतात आणि चुलीपाशी बसलेल्यांपैकी कुणीतरी प्याला नेऊन देतो. एतुआले येणार आहे. तूलिमाऊ असं पुकारलं की तू उठायचंस. प्याला दोन्ही हातांनी धरायचास, सगळ्यांच्या देखत वाकायचंस, आणि त्याच्या हातात द्यायचास.

लोभ आहे, म्हणून बोलावते आहे.

तुझी ताई,
लोसा