आईचं नाव कुणाच्या विम्यात

सोमवार, ८ एप्रिल २०२४. सकाळी ६.१०

रांजणगाव फाट्यावर, कंपनीच्या बसची वाट बघत लिहितोय. विम्यात नावं घालायची मुदत तीसपर्यंत. कालिंदीच्या बाळंतपणाचे जादा ४,८०० पगारातून कापणार. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच, माझी आईच करणार. माझ्या आईचं नाव घातलं तर आणखी १३,२००. पगार एकोणीस हजार — दोन्ही झेपत नाही. आणि आईच्या पित्ताशयात खडे. ऑपरेशन साठ हजारांचं.

थोरला भाऊ वैजनाथदादा शेंद्र्याला मोठ्या कंपनीत आहे. त्याला विचारलं होतं. म्हणाला, "आमच्यात आईबाप बसत नाय रे."

गुरुवार, ११ एप्रिल

खोटं बोलला! माझ्याच लाइनवरच्या पुंजारामचा मेहुणा दादाबरोबर काम करतो. तिथं आईवडील नाहीतर सासूसासरे — एक जोडी फुकट. एप्रिलमध्ये बदलताही येते. दादानं सासूसासरे घातलेत, स्वतःच जेवताना सांगत होता म्हणे.

पुंजाराम म्हणाला, "भाऊ घरजावई झाला का काय तुझा?" सगळे हसले. मीही हसलो.

शनिवार, १३ एप्रिल

कालिंदी म्हणते, फोन करून विचारा. फोनवर तो गोड बोलून सुटेल. पुढच्या रविवारी तिचं डोहाळजेवण आहे. मामा येणार, सगळे येणार. तिथंच विचारणार.

मंगळवार, १६ एप्रिल

आधी नीट जेवायला बसू द्यायचं. आग्रहानं वाढायचं. मग.

रविवार, २१ एप्रिल

विचारलं. पोळीवर तूप वाढता वाढता विचारलं — "दादा, तुझ्या कंपनीत विम्याला आई लागते ना? कुणाची दिलीस?"

त्याचा हात ताटातच थांबला. मामांनी खरं-खोटं विचारलं. तो खाली बघत म्हणाला, सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे, त्यांना मुलगा नाही.

मामा आईकडे बोट करून म्हणाले, "आन् हिला दोन असून काय उपेग?"

वहिनी रडत आत गेली. दादा भरल्या ताटावरून उठला. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. कालिंदी फुलांचे दागिने घालून नुसती बसून होती. आईनं दादाचं ताट उचललं.

मंगळवार, २३ एप्रिल

दादाचा फोन नाही. बसू दे रुसून.

शनिवार, २७ एप्रिल

दादा रिक्षा घेऊन आला. आईचं नाव घातलं, सासऱ्यांचं काढलं. वहिनी रिक्षातून उतरली नाही.

"जिथं नाव, तिथं आई," म्हणाला.

आईनं पिशवी आधीच भरून ठेवली होती. कालिंदीच्या तोंडावरून हात फिरवला. माझ्याशी बोलली नाही.

खर्च — डोहाळजेवण ९,३५०. बाळंतपणाचा विमा ४,८००.
देणं — मामांचे उसने ५,०००.
आईचे १३,२०० वाचले.