कुंपणापलीकडचं पाणी

कर्जत,
१० फेब्रुवारी २०२५

ती. अमृतदादास,
धाकट्या ज्ञानेश्वरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. गुडघे दुखत असतानाही आईनं परसात भाजी लावायचं काढलंय. तिनं घाणेरी उपटली, जमीन खणली, ढेकळं फोडली, शेणखत मिसळून वाफे केले. गडी लावू म्हटलं तर ऐकत नाही.

कारण तुला कळायला हवं. शेजारचे भिमाजीकाका तुझ्या टेम्पोखाली गेले, तेव्हापासून आईनं आठवडी बाजारात पाऊल टाकलेलं नाही. ती भाजी निवडायला बसली की आजूबाजूच्या बायका बोलायच्या थांबतात. विकत घ्यायलाच नको म्हणून ही बाग.

अडचण पाण्याची आहे. बोअर शेजारी काकांच्या हद्दीत. ते होते तेव्हा पाइप आपसूक कुंपणावरून यायचा. आता रंगूकाकूंकडे कोणत्या तोंडानं मागायचं? आम्ही हापशावरून कळश्या आणतो.

प्रकृतीला जप. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ज्ञानेश्वरी


कारागृह,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. ज्ञानूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. आईला म्हणावं, गवार आणि भेंडी लाव, उन्हाला टिकतात. बी रात्रभर भिजत घाल. आणि तू वाफ्यात लुडबुड करू नकोस. लहानपणी कांद्याची रोपं उलटी लावणारी तूच.

एक चांगली बातमी. मी रजेसाठी अर्ज केलाय. मिळाली तर पाडव्याला घरी असेन. दोडक्याचा मांडव मीच घालीन. आणि काकूंचे पाय धरीन. कोर्टात मी दारू प्यायल्याचं कबूल केलं, पण त्यांच्यासमोर मान वर करून उभा राहिलो नाही. ते राहिलंय.

आईला साष्टांग नमस्कार. तिच्या मायेवरच इथले दिवस निघतात.

तुझा दादा,
अमृत


कर्जत,
९ मार्च २०२५

ती. अमृतदादास सा. न. वि. वि.

हे पत्र आईला न सांगता लिहितेय. तिनं मला बजावलंय की यातलं तुला काही कळवायचं नाही.

गवार उगवली, भेंडीला दोन-दोन पानं आली, पण ऊन असं पडलंय की दुपारी रोपं माना टाकतात. परवा हापशावरून येताना आई कळशीसकट पडली. हाड मोडलं नाही, पण कोपर सोलवटलं. मी तिला उचलत होते तेव्हा रंगूकाकू त्यांच्या दारात उभ्या होत्या. मग आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पाइप कुंपणावरून आपल्या वाफ्यात सोडलेला, पाणी वाहतंय. आई हात जोडून कुंपणापाशी गेली. काकू तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "पानी घे. रोपांचा काय दोष? पन त्यो हिथं आला, तर मी ह्या घरात न्हाई ऱ्हानार."

त्या जातील कुठं? शिर्डीला भाऊ फुलांचा गाळा चालवतो, त्याच्याकडे एकच खोली. तरी त्या बोलल्या तसं करतील.

तुझ्या रजेची चौकशी करायला पोलीस आले तेव्हा आईनं मात्र ठामपणे सांगितलं, पोरगा माझा आहे, मी सांभाळते. त्यानंतर दिवसभर तिनं वाफ्यातलं गवत काढलं. गवत संपल्यावरही तिथंच बसून होती.

काय करायचं ते तू ठरव. मला सुचत नाही. राग मानू नकोस, माया असू दे.

ज्ञानेश्वरी


कारागृह,
१९ मार्च २०२५

चि. ज्ञानूस आशीर्वाद.

अर्ज मागे घेतला. आईला सांग, रजा नामंजूर झाली.

मांडवाला बांबू पक्के रोव, सुतळी दुहेरी बांध. पाणी घेत राहा.

अमृत


कर्जत,
२० एप्रिल २०२५

ती. अमृतदादास,
ज्ञानेश्वरीचा सा. न. वि. वि.

पाडवा झाला. गुढी उभारली, गोडधोड केलं नाही.

तुझं खोटं आईनं एका दिवसात ओळखलं. मला काही विचारलं नाही. डोक्यावर पदर घेतला आणि काका गेल्यापासून पहिल्यांदाच काकूंच्या दारात गेली. तो येत नाही, तुम्ही घर सोडू नका, एवढं सांगून परतली. काकूंनी दार लावून घेतलं. पुढं कित्येक दिवस त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही, पण पाणी रोज येत राहिलं. मांडव मी घातला. वाकडा झालाय, तू हसशील.

आज आई आणि मी गवार तोडत होतो. काकू मोटार बंद करायला आल्या आणि कुंपणापाशी थांबल्या. बराच वेळ मांडवाकडे पाहत राहिल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "तिकडं जेवाया नीट मिळतं का त्येला?"

आईनं होकाराची मान हलवली. काकू गेल्या. आई ओंजळीत शेंगा धरून ओल्या वाफ्यात बसली, ती मी हाताला धरून उठवेपर्यंत.

आता झोपायच्या आधी मला म्हणाली, मान तर हलवली, पण मला कुठं ठाऊक आहे? पोराला विचारून घे.

म्हणून विचारते, दादा. मिळतं ना?

उत्तराची वाट पाहणारी,
तुझी बहीण ज्ञानेश्वरी